वर्डमधला मराठी मजकूर वेबसाइटवर नेताना: नोटपॅड केव्हा मध्ये आणायचा आणि केव्हा नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपुरातल्या एका वाचनालयाच्या वार्षिक अंकाचे लेख तुम्ही वेबसाइटवर चढवत आहात. लेख वर्डच्या फाइलींत आलेत. कॉपी करून साइटच्या एडिटरमध्ये पेस्ट केले की एक परिच्छेद मोठ्या अक्षरात येतो, दुसरा बारीक. कवितांच्या ओळींमध्ये नको तेवढी जागा सुटते. जुन्या काही लेखांत तर मराठी गायब होऊन रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कुणीतरी सांगितलं, ‘सगळं आधी नोटपॅडमध्ये टाका आणि मग साइटवर न्या.’ तसं केल्यावर काही लेख स्वच्छ झाले, पण काही आणखी बिघडले. नोटपॅडचा हा सल्ला बरोबर की चूक, असं तुम्ही विचारलं आहे.

सल्ला अर्धा बरोबर आहे. इंग्रजी मजकुरासाठी तो जवळजवळ नेहमी चालतो. मराठीसाठी नोटपॅड हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही. फॉरमॅटिंग काढून टाकायचंच आहे, पण त्या फॉरमॅटिंगमध्ये कधी कधी अशी माहिती असते जी गेली की मजकूर परत उभा करता येत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे: साइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या तयार साधनावर आहे की स्थानिक कंपनीने बनवून दिलेल्या पॅनेलवर, लेख दहा आहेत की दोनशे, लेखकांनी स्वतः टाइप केलेत की बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी भागातल्या, डीटीपीवाल्यांकडून आलेत. हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे दोन्ही बाजू सांगतो.

आधी बिघाड होतो कसा ते बघू. वर्डमध्ये तुम्ही मजकूर निवडून कॉपी करता तेव्हा संगणक त्याची एकच प्रत ठेवत नाही. तोच मजकूर तो एकाच वेळी अनेक रूपांत ठेवतो: एक साधा मजकूर, एक वेबपानाच्या भाषेतला म्हणजे एचटीएमएलमधला, आणखी एक वर्डसारख्या प्रोग्रॅमना कळेल असा. पेस्ट करताना समोरचा प्रोग्रॅम स्वतःला सोयीचं रूप उचलतो. नोटपॅड साधा मजकूर घेतो. वेबसाइटचा एडिटर एचटीएमएल घेतो, आणि वर्डने बनवलेल्या त्या एचटीएमएलमध्ये प्रत्येक परिच्छेदाला, कधी कधी प्रत्येक शब्दाला, फॉन्टचं नाव, आकार, रंग आणि ओळींमधलं अंतर चिकटवलेलं असतं. साइटची स्वतःची रचना वेगळी असते. दोन्ही सूचना एकाच पानावर आल्या की मजकुराला चिकटलेली सूचना सहसा वरचढ ठरते, म्हणून साइटचा फॉन्ट बाजूला पडतो.

अक्षरं लहान-मोठी का होतात याचं खास मराठी कारण आहे. वर्ड एकाच मजकुरासाठी दोन फॉन्ट आणि दोन आकार लक्षात ठेवतो, एक रोमन अक्षरांसाठी आणि एक देवनागरीसारख्या लिपींसाठी. कंट्रोल-डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा. तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग दिसेल. टाइप करणाऱ्याने वरचा आकार बदलला आणि खालचा तसाच राहिला, किंवा अर्धा लेख एका मशीनवर आणि अर्धा दुसऱ्यावर झाला, की वर्डमध्ये डोळ्यांना फारसा जाणवत नाही असा फरक वेबवर उघडा पडतो. त्यात मंगलसारखा विंडोजचा फॉन्ट वाचकाच्या मोबाइलवर नसतो, मग फोन आपला फॉन्ट लावतो आणि दोन परिच्छेद दोन तऱ्हांचे दिसतात. मात्रा, वेलांटी किंवा रफार वरच्या बाजूने कापलेला दिसत असेल तर बहुधा वर्डमध्ये ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ असं ठरवून दिलेलं असतं आणि तेच मजकुराबरोबर साइटवर आलेलं असतं. रोमन लिपीला पुरणारं अंतर देवनागरीला पुरत नाही.

आता तुमच्या सगळ्यात अवघड लेखांकडे येतो, म्हणजे रोमन अक्षरं दिसणाऱ्या. ते लेख युनिकोडमध्ये नाहीत, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत नाहीत. कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये ते टाइप झालेले आहेत. अशा फाइलीत खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. त्या फॉन्टमध्ये त्या जागांवर देवनागरी आकार काढून ठेवल्यामुळे आपल्याला मराठी दिसतं. फॉन्ट बदलला की मराठी गेलं. नागपुरात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त येतो असा माझा अनुभव आहे, आणि त्यामागे कारण आहे. १९५६पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. आजही इथला टायपिस्ट सकाळी हिंदी अर्ज आणि दुपारी मराठी लेख टाइप करतो. टाइपरायटरवर रेमिंग्टन पद्धतीने बोटं बसलेल्यांना कृतिदेव सोपा गेला, कारण त्याच्या कळा तशाच आहेत. त्यामुळे हिंदीसाठी घेतलेल्या फॉन्टमध्ये मराठी लेख टाइप झालेले इथे ढिगाने सापडतात.

लेख युनिकोडमध्ये आहे की नाही हे एका मिनिटात कळतं. वर्डमध्ये एखाद्या अक्षरामागे कर्सर ठेवा आणि ऑल्ट-एक्स दाबा. ‘क’च्या जागी ०९१५ असा आकडा आला तर मजकूर युनिकोड आहे. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं. देवनागरीची बहुतेक सगळी अक्षरं ०९ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवर आहेत, त्यामुळे दुसरं काही आलं की समजावं. ही परीक्षा लेखाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन जागी करा, कारण शीर्षक एका फॉन्टमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात असं सर्रास होतं.

लेख जुन्या फॉन्टमध्ये निघाला तर त्याला नोटपॅडमध्ये नेऊ नका. तुमचे लेख बिघडले ते इथेच. वर्डच्या फाइलीत ‘हा तुकडा कृतिदेव, हा टाइम्स न्यू रोमन’ अशी नोंद असते. मजकुरातला इंग्रजी शब्द कुठला आणि मराठी शब्द कुठला, हे ओळखण्याची ती एकमेव खूण आहे, कारण आत दोन्ही रोमन अक्षरंच आहेत. नोटपॅड ती नोंद पुसून टाकतो. मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, सगळ्यालाच मराठी समजतो आणि इंग्रजी नावं, वेबपत्ते, पुस्तकांची शीर्षकं यांची निरर्थक देवनागरी करून ठेवतो. आधी रूपांतर, मग सफाई, हा क्रम म्हणूनच मोडू नका.

रूपांतरासाठी मी असं करतो. वर्डमध्ये शोधा-बदला उघडून ‘फॉरमॅट’खाली इंग्रजी फॉन्ट निवडायचा आणि बदलाच्या रकान्यात फक्त हायलाइट निवडायचा. लेखातलं सगळं इंग्रजी पिवळं होतं. मग मराठी तुकडे कन्व्हर्टरमधून काढायचे आणि पिवळे शब्द मूळ फाइलीत बघून हाताने घालायचे. वर्डच्या आतच चालणारे आणि फॉन्ट बघून रूपांतर करणारे कन्व्हर्टरही मिळतात. लेख पुष्कळ असतील तर तेच वापरा. श्री-लिपीच्या बाबतीत फॉन्टचं नेमकं नाव बघून घ्या, कारण तिच्या वेगवेगळ्या फॉन्टांची मांडणी एकसारखी नाही आणि एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला लागू पडत नाही.

रूपांतर झालेला लेख वाचून काढावाच लागतो. त्याला पर्याय नाही. पण नजर कुठे ठेवायची हे माहीत असलं की काम हलकं होतं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, म्हणजे दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो. ही अदलाबदल जोडाक्षरांपाशी चुकते, म्हणून ‘स्थिती’, ‘मूर्तींचा’, ‘दुर्मिळ’ असे शब्द बघा. दुसरी जागा श आणि ष. कृतिदेवमध्ये ही दोन अक्षरं अवतरणचिन्हांच्या कळांवर आहेत, आणि वर्डची सरळ अवतरणं आपोआप वाकडी करण्याची सवय चालू असली तर काही कन्व्हर्टर तिथे अडखळतात. ‘भाषा’ आणि ‘शाळा’ हे शब्द नीट आले की बाकीचे बहुधा नीट आलेले असतात. तिसरी जागा ळ, आणि चौथी ‘वाऱ्यावर’, ‘पुढाऱ्यांनी’मधला आडवा र.

या आडव्या र बद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो युनिकोड लेखांतही दगा देतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ वापरून हलन्त करतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण पेस्ट केलेला मजकूर साफ करणारे काही ‘पेस्ट क्लीनर’ आणि काही एडिटर अदृश्य चिन्हं सरसकट कचरा समजून काढून टाकतात. इंग्रजीत ती बहुतेक वेळा कचराच असतात. मराठीत मात्र ते जोडचिन्ह गेलं की आडव्या र चा रफार होतो आणि आचाऱ्यांनी केलेला स्वयंपाक आचार्यांनी केलेला होऊन बसतो. शुद्धलेखन तपासणी हे पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. वाचनालयाच्या साइटवर हे चालणार नाही.

उपाय एकदाच करायचा आहे. पेस्ट करण्याआधी दुसऱ्या प्रकारचा र पहिल्या प्रकारात बदलून घ्या, मग कुठल्याही सफाईने तो बिघडत नाही. हे काम वर्डपेक्षा नोटपॅड प्लस प्लससारख्या साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये बरं होतं, कारण अदृश्य चिन्हं शोधताना वर्ड कधी कधी ती गृहीतच धरत नाही. लेखातलाच एक आडवा र कॉपी करून शोधाच्या रकान्यात टाका आणि बदलाच्या रकान्यात ऱ् टाका. तिथे तिरपे आणि ठळक शब्द साधे होतात, ते मजकूर वर्डमध्ये परत आणल्यावर मूळ फाइल बघून पुन्हा लावा. त्याच बैठकीत ‘ॲ’ही एकसारखा करा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच मजकुरात ते अ वर चंद्र जोडून लिहिलेलं आहे. दिसायला फरक नाही, पण साइटवर ‘ॲप’ शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला लेख सापडणार नाही. वाचनालयाच्या संग्रहात शोध चालणं ही चैन नाही.

एवढं झालं की वर्डमधली साधी सफाई. ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेल्या बदलांच्या खुणा, चालू असतील तर सगळे बदल स्वीकारा आणि शेरे काढून टाका, नाहीतर खोडलेला मजकूरही सोबत येऊ शकतो. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून लपलेल्या खुणा दाखवा. परिच्छेद सुरू करायला मारलेले टॅब, जागा सोडायला मारलेले रिकामे एंटर, दोन शब्दांत अडकवलेली न तुटणारी स्पेस, हे सगळं तिथे दिसतं आणि शोधा-बदलाच्या ‘स्पेशल’ यादीतून काढता येतं. न तुटणाऱ्या स्पेस राहिल्या तर मोबाइलवर ओळ भलत्याच ठिकाणी मोडते. मग शीर्षकं. लेखकाने नुसतं ठळक आणि मोठं केलेलं उपशीर्षक हे वेबच्या दृष्टीने शीर्षक नसतं. त्यावर कर्सर ठेवून वर्डची ‘हेडिंग २’ ही शैली लावा, कंट्रोल-ऑल्ट-२ दाबलं की लागते. शीर्षक कुठलं, उतारा कुठला, यादी कुठली, ही माहिती साइटवर न्यायची आहे. किती पॉइंटचं आणि कुठल्या रंगाचं, ही न्यायची नाही.

कवितांचा प्रश्न एंटरचा आहे. वर्डमध्ये एंटर म्हणजे नवा परिच्छेद आणि शिफ्ट-एंटर म्हणजे त्याच परिच्छेदात नवी ओळ. कवी प्रत्येक ओळीनंतर एंटर मारतो, वेबसाइट प्रत्येक ओळीला परिच्छेद समजते आणि परिच्छेदांमधलं अंतर देते. म्हणून कडव्याच्या आतल्या ओळींना शिफ्ट-एंटर आणि दोन कडव्यांमध्ये साधा एंटर असं करून घ्या. वर्डप्रेसमध्ये कवितेसाठी ‘व्हर्स’ नावाचा वेगळा ब्लॉक आहे. त्यात ओळी आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा जशीच्या तशी राहते. मुक्तछंदात कवीने मुद्दाम आत सरकवलेल्या ओळी असतील तर तोच वापरा, आणि कवीला पान दाखवून घ्या. ती जागा कवितेचाच भाग आहे.

आता प्रत्यक्ष पेस्ट. साइट वर्डप्रेसवर असेल आणि नवा ब्लॉक एडिटर असेल, म्हणजे डिसेंबर २०१८च्या ५.० आवृत्तीपासूनचा, तर सरळ कंट्रोल-व्ही करा. हा एडिटर वर्डचे फॉन्ट आणि आकार बहुतेक स्वतःच गाळतो आणि शीर्षकं, ठळक शब्द, याद्या, दुवे ठेवतो. इथे नोटपॅड मध्ये आणलात तर लेखकाने तिरपे केलेले ग्रंथनामही हरवतं आणि ते परत घालायला कुणी बसत नाही. साइटचं पॅनेल दुसरं असेल तर एका लेखावर चाचणी घ्या: शीर्षक, ठळक शब्द आणि यादी असलेला तुकडा पेस्ट करून एडिटरचा कोड बघा. त्यात ‘एमएसओ’ने (mso) सुरू होणारे शब्द किंवा ‘फॉन्ट-फॅमिली’ (font-family) दिसली तर तो एडिटर काही गाळत नाही. तिथे मात्र कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा किंवा नोटपॅडमधून न्या आणि शीर्षकं, तिरपे शब्द साइटवर पुन्हा लावा. अशा वेळी परिच्छेद एकमेकांना चिकटू शकतात, कारण साध्या मजकुरात बरेच एडिटर दोन एंटरना नवा परिच्छेद मानतात आणि एका एंटरला नुसती ओळ. वर्डच्या वेगळ्या प्रतीत एका परिच्छेदखुणेच्या जागी दोन घालून घेतल्या की हे टळतं.

काही लेखक गूगल डॉक्समधून पाठवतात. तिथून पेस्ट केलेला अख्खा लेख ठळक झाला तर घाबरू नका. गूगल डॉक्स कॉपी करताना सगळ्या मजकुराला ठळकपणाच्या खुणेत गुंडाळतो आणि आतच ‘ठळक करू नको’ अशी सूचना ठेवतो. एडिटरने सूचना गाळली आणि खूण ठेवली की असं होतं. ती बाहेरची एक खूण काढली की लेख सरळ होतो.

चित्रं मजकुराबरोबर पेस्ट करू नका, वेगळी चढवा. लेखकाकडे मूळ फोटो नसेल तर डॉकएक्स फाइलीची प्रत करून तिच्या नावाचा शेवट झिप असा बदला आणि उघडा. आत ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ नावाचा फोल्डर असतो, सगळी चित्रं तिथे मिळतात. तक्ते साइटवर नव्याने बनवलेले बरे. तळटिपा असतील तर लेख पेस्ट करण्यापेक्षा पॅनडॉक किंवा मॅमथसारख्या साधनाने पूर्ण फाइलच एचटीएमएलमध्ये बदलून घ्या, टिपांचे क्रमांक आणि दुवे शाबूत राहतात. लेख शेकड्यांनी असतील तर तळटिपा नसल्या तरी हाच मार्ग.

आधीच चढवलेले आणि विस्कटलेले लेख एडिटरमध्ये बसून आकार बदलून दुरुस्त करू नका. त्याने चिकटलेल्या सूचनांवर आणखी एक थर चढतो आणि पुढे साइटची रचना बदलली की ते लेख पुन्हा वेगळे दिसायला लागतात. मूळ फाइलीतून नव्याने न्या. पत्ता तोच ठेवा म्हणजे कुणी पाठवलेला दुवा तुटणार नाही.

साइटच्या बाजूला एक गोष्ट तपासा: सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडलेली आहे का. फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं या सेटिंगमुळेच मिळतात, नाहीतर हिंदी वळणाची दिसतात. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही भाषा इथूनच कळते, आणि वाचनालयाच्या वाचकांत दृष्टी अधू झालेली ज्येष्ठ मंडळी असतातच.

पुढच्या अंकासाठी टायपिस्टशी बोला, पण त्यांना नवा कीबोर्ड शिकायला लावू नका. रेमिंग्टन मांडणीतच युनिकोड टाइप करता येईल अशी साधनं आहेत. भाषेच्या इनपुट साधनांत ‘रेमिंग्टन गेल’ नावाने ती मांडणी मिळते. बोटांची सवय बव्हंशी तीच राहते आणि फाइल मात्र युनिकोडमध्ये तयार होते. काही कळा वेगळ्या आहेत, तेवढ्यासाठी थोडे दिवस द्यावे लागतील. महाल भागातल्या आणि बर्डीवरच्या जुन्या टायपिस्टांनी हा बदल केलेला मी पाहिलाय, आणि त्यांचा वेग आणि शुद्धलेखन गमावणं आपल्यालाच महाग पडेल.

काही जुन्या अंकांच्या वर्ड फाइली नाहीत, फक्त छपाईसाठी केलेल्या पीडीएफ आहेत, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांतून मजकूर कॉपी करू नका. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार पानावरच्या जागेप्रमाणे ठेवलेले असतात, त्यामुळे देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडून येतात. आधी छापखान्याकडे पेजमेकर किंवा इनडिझाइनची मूळ फाइल मागा, ती बऱ्याचदा मिळते. नाहीच मिळाली तर पानांची चित्रं करून गूगल ड्राइव्ह किंवा टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने अक्षरओळख, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा मजकूर, करून घ्या. दोन्हींना मराठी येतं. छपाई स्वच्छ असेल तर निकाल कृतिदेवच्या अर्धवट रूपांतरापेक्षा चांगला निघतो. मात्र दोन रकान्यांची पानं आधी रकाना-रकाना कापून घ्या, नाहीतर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली जाते.